भंगाराचा निकाल कोणी द्यायचा?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी आपल्या कार्यकर्त्यांनी चालविलेल्या अभ्यासिकेत जाण्याचा योग आला. भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीलगत बाके, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी वीस-पंचवीस मुले-मुली आणि एका कपाटात कुलूपबंद करून ठेवलेले पाच लॅपटॉप. एका कर्मचारी संघटनेने आपल्या सभासदांकडून ते गोळा करून दिलेले होते. वापरलेले, पण चांगल्या स्थितीतले. मग ते कपाटात का, असे विचारता चिटणीस म्हणाले, "सर, ते संपले. दुकानदाराने पाहिले. त्यात विंडोज अकरा बसत नाही आणि दहाचे दिवस भरले. लिनक्स टाकावे म्हटले तर सीडी घालायला जागाच नाही. भंगारात द्या आणि नवे घ्या, असे त्याचे म्हणणे." नव्या लॅपटॉपसाठी वर्गणीची पावतीपुस्तकेही छापून आली होती.

या दुकानदाराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो जे ऐकतो तेच सांगतो, आणि विक्री हाच त्याचा व्यवसाय आहे. प्रश्न आपला आहे. ज्या संघटनेचे सभासद गिरणीतल्या मालकाच्या ताळेबंदातील खोट नेमकी हेरतात, ती संघटना आपल्याच कपाटातील पाच यंत्रांचा मृत्युलेख दुकानदाराकडून लिहून घेते आणि त्यावर वर्गणीची पावतीही फाडते, हे कसे? या प्रश्नाचा विचार केवळ तांत्रिक म्हणून करून चालणार नाही. तथापि तंत्र बाजूला ठेवून नुसते तत्त्व बोलूनही चालणार नाही. म्हणून प्रथम वस्तुस्थिती पाहू.

विंडोज १० ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै २०१५ मध्ये बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा थांबविला. त्या दिवशी कोणताही लॅपटॉप बंद पडला नाही. सुरक्षिततेच्या ज्या दुरुस्त्या नियमितपणे विनामूल्य येत असत त्या थांबल्या, एवढेच घडले. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि सभासदांची माहिती ठेवायची, त्यावर अशा दुरुस्त्या न येणे हा खरा धोका आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण उपाय म्हणून जी विंडोज ११ पुढे केली जाते, तिच्या अटी पाहा. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरपासून सुरू होते. २०१५ किंवा २०१६ साली घेतलेला लॅपटॉप, त्याचा पडदा स्वच्छ असो, कळफलक शाबूत असो, मेमरी पुरेशी असो, या अटीत सहसा बसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की मार्क्सने यंत्राची झीज दोन प्रकारची सांगितली. एक भौतिक: वापराने किंवा नुसते पडून राहिल्यानेही यंत्र झिजते. दुसरी मूल्याची: यंत्र धडधाकट असते, पण त्याहून स्वस्त वा सरस यंत्र निघाल्यामुळे त्याचे मोल उतरते. आपल्या कपाटातले लॅपटॉप यांपैकी कोणत्याच प्रकारात पुरते बसत नाहीत. ते झिजलेले नाहीत. अर्ज टाइप करणे, हिशेब मांडणे, व्याख्यान ऐकणे, जुन्या प्रश्नपत्रिका वाचणे या कामांसाठी ते मागेही पडलेले नाहीत. त्यांचे उपयोगमूल्य शाबूत असता एका तारखेने त्यांचे मोल काढून घेतले. ही तिसरी झीज आहे, आणि ती यंत्रात घडत नाही, करारात घडते. वस्तूचे आयुष्य विक्रेत्याच्या सोयीने ठरविण्याची कल्पना नवी नव्हे. विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी १९२४ साली फीबस नावाची युती करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले होते. फरक इतकाच की त्या दिव्याची तार निदान जळत तरी असे.

आता दुकानदाराच्या दुसऱ्या म्हणण्याकडे वळू: सीडी घालायला जागा नाही, म्हणून लिनक्स बसणार नाही. हा समज आपल्या अनेक कार्यकर्त्यांच्या मनात आहे, आणि त्याला इतिहास आहे. लिनक्सची आणि आपली ओळख झाली तीच मुळी तबकडीवरून. उबुंटू ही लिनक्सची एक प्रचलित आवृत्ती. तिच्या सीडी २००५ ते २०११ या काळात मागणी नोंदविली की पोस्टाने घरपोच आणि विनामूल्य येत असत. पुढे लॅपटॉप सडपातळ होत गेले. ॲपलने २००८ च्या जानेवारीत मॅकबुक एअर आणला त्यात तबकडीचा कप्पाच नव्हता, आणि हळूहळू इतरांनीही तो काढून टाकला. दार गेले म्हणून घरात शिरताच येणार नाही, असा समज मात्र मागे राहिला.

वास्तविक हे दार केव्हाच दुसरीकडे उघडले आहे. आसूस कंपनीचा ईईई पीसी हा चिमुकला लॅपटॉप २००७ साली आला तेव्हा त्यात तबकडीचा कप्पा नव्हता आणि कारखान्यातूनच त्यावर लिनक्स बसविलेले होते. आज तर तबकडी असूनही उपयोगी पडेल असे नाही. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. उबुंटूच्या २०२४ च्या आवृत्तीची फाइल त्याहून मोठी आहे. साधन आता एकच: यूएसबी पेनड्राइव्ह. ८ जीबीचा असला तरी बहुतेक कामे भागतात. अभ्यासिकेतील जवळजवळ प्रत्येक मुलाच्या खिशात तो असतो.

कृती कोणती, हे येथे सांगितले पाहिजे. कारण ती सांगितल्यावाचून पुढील विवेचन पोकळ ठरेल. प्रथम लॅपटॉपवरील सर्व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. मग दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावर लिनक्सची आवृत्ती तिच्या अधिकृत ठिकाणाहून डाउनलोड करावी. ४ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सोयीची. तिची फाइल साधारण ३ जीबीची असते. फाइल पूर्ण आणि अस्सल उतरली की नाही हे तिच्यासोबत दिलेल्या पडताळणी-अंकाशी ताडून पाहावे. त्यानंतरची पायरी महत्त्वाची. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने काहीही होत नाही. लॅपटॉप सुरू होताना ज्या रचनेचा शोध घेतो, ती रचना पेनड्राइव्हवर तयार व्हावी लागते. त्यासाठी रूफस, एचर, व्हेंटॉय अशी विनामूल्य साधने आहेत. हे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे विसरू नये.

आता पेनड्राइव्ह बंद लॅपटॉपला लावायचा, लॅपटॉप सुरू करायचा आणि त्याच क्षणी बूट मेनूची कळ दाबत राहायची. काही कंपन्यांच्या यंत्रांत ती एफ १२ असते, काहींत एफ ९, काहींत एस्केप. समोर येणाऱ्या यादीतून यूएसबी निवडले की काही मिनिटांत लिनक्स पडद्यावर येते. या टप्प्यावर मूळ डिस्कला हातही लागलेला नसतो. वाय-फाय मिळते का, आवाज येतो का, मराठी टाइप होते का, हे सारे आधी पाहून घ्यावे. मन राजी झाले तरच इन्स्टॉल हे चिन्ह दाबावे. तेथे दोन वाटा असतात: विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसविणे, किंवा डिस्क पूर्ण पुसून एकटे लिनक्स ठेवणे. पहिली वाट घेणाऱ्याने विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची परतीची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. दुसऱ्या वाटेवरून मागे येता येत नाही.

अभ्यासिकेतील एका पदविकाधारक मुलीने आम्ही तेथे असतानाच हे काम सुरू केले आणि संध्याकाळपर्यंत पाचांपैकी चार लॅपटॉप बाकांवर मांडले. पाचव्याला वाय-फाय सापडेना. तिने स्वतःचा फोन तारेने जोडून त्यावरून इंटरनेट दिले, वाय-फायच्या चिपला लागणारा ड्रायव्हर उतरवला आणि तोही चालू केला. पण या यशाला एक डाग लागला, तो लपविणे योग्य नाही. त्यांपैकी एका यंत्रावर चिटणीस वर्षभर वर्गणीचे हिशेब ठेवीत असत. घाईत ते उतरवून घ्यायचे राहिले आणि डिस्क पुसली गेली. पावत्यांच्या स्थळप्रती जपलेल्या होत्या म्हणून हिशेब पुन्हा उभा राहिला. चार रात्री जागून. चूक त्या मुलीची नव्हती. पुसण्यापूर्वी काय जपायचे याची यादी करणे हे संघटनेचे काम होते, आणि ते कोणी केले नव्हते. स्वातंत्र्याची साधने हातात घेताना शिस्तीतून सुटका मिळत नाही, हा धडा त्या चार रात्रींनी दिला.

येथपर्यंतचे वाचून एखादा मित्र म्हणेल, हा तर काटकसरीचा मामला झाला. त्यात विचार कोठे आहे? इंग्रजीत 'मुक्त' आणि 'मोफत' या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तेथे या बाबतीत कायम घोटाळा होतो. मराठीने हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत; आपण तो भेद जपावा. लिनक्स मोफत मिळते हे सोयीचे आहे. ते मुक्त आहे हे महत्त्वाचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली हवी तशी वापरण्याचे, तिची रचना अभ्यासून बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हा त्यांचा आग्रह. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपला गाभा जगापुढे ठेवला आणि पुढील वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. त्या परवान्याची मेख अशी की जो कोणी ही प्रणाली सुधारून इतरांना देईल, त्याने ती याच अटींवर दिली पाहिजे. गावच्या गायरानात कोणीही गुरे चारावीत, पण कुंपण कोणी घालू नये, असा हा कायदा आहे.

हे गायरान केवळ भाबड्या स्वयंसेवकांनी राखले आहे, असा गैरसमजही नको. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य लोक आज मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे आणि जगातील अव्वल ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. भांडवलाला या सामायिक मालकीचा फायदा केव्हाच उमगला. किंबहुना नवलाची गोष्ट हीच की ज्यांना सामायिक मालकीचे तत्त्व मान्य आहे, त्यांच्या कार्यालयांतच ती सर्वांत कमी वापरात दिसते.

आपल्या चळवळीच्या स्मरणात याच क्षेत्रातील एक प्रसंग असला पाहिजे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा दंडक होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना त्याची अंमलबजावणी झाली. आयबीएमने अट मान्य केली नाही आणि १९७८ साली ती कंपनी येथून गेली. देशातील संगणक आता ठप्प होणार, असे त्यावेळी अनेकांनी बोलून दाखविले. ते ठप्प झाले नाहीत. देखभालीची जबाबदारी सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने उचलली आणि भारतीय अभियंत्यांनी ती पेलली. यंत्र कोणाचे, या प्रश्नाइतकाच त्याची दुरुस्ती कोणाच्या हाती, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. सीएमसीच्या अभियंत्यांनी त्याचे उत्तर दिले. पुढे २००१ साली सीएमसीतील सरकारचा नियंत्रक हिस्सा विकला गेला, हेही त्या इतिहासाचेच पान आहे.

अर्थात लिनक्स घातले की सारे प्रश्न सुटतात, असे आमचे म्हणणे नाही. टॅली त्यावर थेट चालत नाही. ज्या छापखान्यात अजून पेजमेकरवर पाने लागतात, तेथील जुन्या फाइली उघडणार नाहीत. यूनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेले ठराव आणि इतिवृत्ते आधी रूपांतरित करून घ्यावी लागतील. पण हे काम विंडोजवर राहूनही कधीतरी करावेच लागणार आहे. जुन्या यंत्रांना निरोप देण्याचे काम मुक्त जगही करते. डेबियन या नामांकित आवृत्तीने ऑगस्ट २०२५ पासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय काढून टाकली. फरक असा की तेथे दार कुलूपबंद होत नाही. ज्याला गरज आहे आणि ज्याच्या हाती कौशल्य आहे त्याने ते काम पुढे न्यावे, याला मज्जाव नाही. आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. नव्या लॅपटॉपांतील सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी लिनक्सला आत सोडतो तो बहुधा मायक्रोसॉफ्टच्याच सहीचा दाखला पाहून. यंत्र आपले, प्रणाली सर्वांची, आणि दारावरची किल्ली मात्र तिसऱ्याची! ही लढाई पेनड्राइव्हने संपलेली नाही.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र माणसांची आहे. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले आणि दहा वर्षांत सुमारे १५,००० यंत्रे त्या मार्गाने नेली. पुढे नेतृत्व बदलले आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. याउलट केरळात सरकारे आली-गेली, तरी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर टिकले. त्याचे कारण तेथे यंत्रांबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे आणि देखभालीचे जाळे उभे राहिले. प्रणाली बसविणे हे एका दुपारचे काम आहे. ती चालू ठेवणे हे संघटनेचे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात निदान दोन कार्यकर्त्यांनी हे काम शिकून घ्यावे. त्यांत एक तरी स्त्री असावी. प्रत्येक कार्यालयात तयार केलेले दोन पेनड्राइव्ह आणि एक वही असावी. कोणत्या यंत्रावर काय बसविले, कोणती कळ लागली, कोठे अडले, कसे सुटले, हे त्या वहीत लिहिले जावे; म्हणजे पुढच्याला तेच पुन्हा शोधावे लागणार नाही. पुसण्यापूर्वी जपायच्या गोष्टींची यादी कपाटाच्या दारावर चिकटवावी. कर्मचारी संघटनांनी सभासदांकडील जुने लॅपटॉप गोळा करून दुरुस्त करावेत आणि वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासिका यांना द्यावेत. २०२२ या एकाच वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. उरलेल्यापैकी बराचसा कोणाच्या वस्तीत, कोणाच्या उघड्या हातांनी फोडला जातो, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. एक लॅपटॉप पाच वर्षे अधिक चालला तर तेवढा भार त्या हातांवरून पुढे ढकलला जातो.

अभ्यासिकेची पावतीपुस्तके वाया गेली नाहीत. जमलेल्या वर्गणीतून दोन लॅपटॉपना नवी बॅटरी घेतली आणि उरलेल्या पैशांत पुस्तके आली. निघताना त्या मुलीने आमच्या हाती एक पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाली, "सर, पुढच्या गावी द्या. त्यांनी याच्या दोन प्रती कराव्यात." निकाल कोणी द्यायचा, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर त्या पेनड्राइव्हमध्ये आहे. तो पुढच्या गावी पोहोचविण्याचे काम आता तुमचे-आमचे आहे.